भाटघरचे दरवाजे आणि आज्ञावलीची हाक

जुलै महिन्यात भोर आणि वेल्ह्याच्या डोंगरांवर पाऊस ठाण मांडून बसला, की वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. भाटघर धरण भरले, स्वयंचलित दरवाजे उघडले, नीरा नदीकाठच्या गावांनी सावध राहावे. वेळवंडी नदीवरचे हे दगडी धरण १९२०च्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाले. त्यात सुमारे साडेतेवीस टीएमसी, म्हणजे साडेतेवीस अब्ज घनफूट पाणी मावते. धरणाच्या सांडव्याला एकूण ८१ दरवाजे आहेत आणि त्यांपैकी ४५ स्वयंचलित आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला आले की ते उघडतात. कोणी माणूस येऊन आपल्याला उघडील याची ते वाट पाहत नाहीत.

विद्यार्थी मित्रांनो, नीट विचार केलात तर असा दरवाजा म्हणजे लोखंडात घडवलेली एक आज्ञाच आहे. ‘पातळी इतकी झाली, तर उघड.’ पहिला भाग ही अट, दुसरा भाग ही कृती. संगणकावर खेळ तयार करण्याची जी चित्रमय साधने आज मिळतात, त्यांतील काम नेमके याच पद्धतीने चालते. तेव्हा आपण भाटघरच्या दरवाजांवरच एक छोटा खेळ रचू. तो रचताना नवशिक्याला हमखास अडवणारी एक गोष्ट समजून घेऊ. ती गोष्ट म्हणजे, चित्रांच्या साधनातून लिहिलेल्या आज्ञावलीला हाक कशी मारायची, आणि हाक मारूनही उत्तर चुकीचे आले तर दोष कोठे शोधायचा.

अट डावीकडे, कृती उजवीकडे

आपण ‘जीडेव्हलप’ हे साधन घेऊ. ते विनामूल्य आहे. संगणकावर एकदा उतरवून घेतले की इंटरनेट नसतानाही त्यावर काम करता येते. पावसाळ्यात ज्या गावांत तारा तुटतात आणि संपर्क जातो, तेथील शाळांना ही सोय मोठी आहे.

जीडेव्हलपमध्ये एक घटनापत्रक असते. त्याच्या प्रत्येक ओळीत डावीकडे अट आणि उजवीकडे कृती मांडायची. ‘पातळी १२ पेक्षा जास्त’ ही अट डावीकडे, ‘स्वयंचलित दरवाजा उघड’ ही कृती उजवीकडे. यासाठी काही लिहावे लागत नाही. यादीतून निवडायचे असते. ढग, धरण, दरवाजा, पाणी ही चित्रे पडद्यावर ठेवायची आणि त्यांचे वागणे या पत्रकात सांगायचे.

आपला खेळ असा. खेळणारा हा धरणाचा राखणदार आहे. डोंगरावर पाऊस पडतो, जलाशयात पाणी येते. राखणदाराने दरवाजे कमी-अधिक उघडायचे. पावसाळा संपताना जलाशय भरलेला हवा, पण त्यासाठी एकदम इतके पाणी सोडायचे नाही की खालच्या गावांत ते शिरेल. खेळ सोपा आहे, पण प्रश्न खरा आहे. प्रत्येक धरणावरच्या अभियंत्यांना दर पावसाळ्यात तो सोडवावा लागतो. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले आणि पुणे शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, हे तुम्ही घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. आलेल्या पाण्याला वेळेवर वाट मिळणे किती मोलाचे असते, हे या भागाला वेगळे सांगावयास नको.

एक हिशेब, जो चित्रांत मावत नाही

उघड्या दरवाजातून दर सेकंदाला किती पाणी बाहेर पडते? याला विसर्ग म्हणतात. दरवाजाच्या उंबऱ्यावर पाण्याची उंची जितकी अधिक, तितका विसर्ग अधिक, हे उघड आहे. पण उंची दुप्पट झाली की विसर्ग दुप्पट होतो, असे मात्र नाही. उंची वाढली की पाण्याचा थरही जाड होतो आणि त्याचा वेगही वाढतो. म्हणून विसर्ग उंचीच्या दीडाव्या घाताप्रमाणे वाढतो. सूत्र असे:

विसर्ग = गुणक × दरवाजाची रुंदी × उंची × उंचीचे वर्गमूळ

गुणक हा सांडव्याच्या आकारावर अवलंबून असतो. उंची व रुंदी मीटरमध्ये घेतली, तर तो साधारण १.७ ते २.२ यांच्या दरम्यान येतो. आपण खेळापुरता तो २ धरू आणि दरवाजा १० मीटर रुंद घेऊ. (हे आकडे आपल्या खेळातले आहेत, भाटघरचे नव्हेत.) म्हणजे,

विसर्ग = २० × उंची × उंचीचे वर्गमूळ

आता वहीत काही उत्तरे काढून ठेवा. ती पुढे फार उपयोगी पडतील.

उंची ० मीटर : विसर्ग ०
उंची ०.२५ मीटर : विसर्ग २.५ घनमीटर दर सेकंदाला
उंची १ मीटर : विसर्ग २०
उंची २.२५ मीटर : विसर्ग ६७.५
उंची ४ मीटर : विसर्ग १६०

पाहिलेत? उंची १ वरून ४ झाली, म्हणजे चौपट. पण विसर्ग २० वरून १६०, म्हणजे आठपट झाला. नदीकाठी राहणाऱ्या माणसाला हा फरक सूत्रावाचूनही ठाऊक असतो.

हे सूत्र घटनापत्रकात मांडता येत नाही असे नाही. पण खेळात पाच ठिकाणी विसर्ग लागला, तर ते पाच ठिकाणी लिहावे लागेल. उद्या गुणक २ ऐवजी १.८ करायचा ठरला, तर पाचही ठिकाणी बदल करावा लागेल आणि एक ठिकाण हटकून राहून जाईल. त्यापेक्षा हा हिशेब एकदाच लिहावा, त्याला एक नाव द्यावे आणि लागेल तेव्हा त्या नावाने हाक मारावी, हे शहाणपणाचे. अशा नाव दिलेल्या हिशेबाला फंक्शन म्हणतात. गणितात आपण त्यालाच ‘फल’ म्हणतो.

ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठात एडसॅक हा संगणक मे १९४९ मध्ये चालू झाला. तेथील डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने, एका आज्ञावलीतून दुसरीकडे जायचे, काम करून घ्यायचे आणि नेमके निघालो त्या जागी परत यायचे, याची पद्धत बसवली. त्या काळी आज्ञा कागदी पट्टीवर छिद्रे पाडून दिल्या जात. पुनःपुन्हा लागणारे हिशेब प्रत्येकाने नव्याने करू नयेत म्हणून अशा तयार तुकड्यांचे एक भांडारच तेथे ठेवलेले असे. आज आपण जे करणार आहोत, ते मुळात तेच आहे.

आधी संगणकाशिवाय

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करून पाहावा. संगणक एकच असेल किंवा वीज गेलेली असेल, तरी चालेल.

एका विद्यार्थ्याला शेवटच्या बाकावर बसवा. त्याचे नाव ‘विसर्ग’. त्याच्याजवळ वर दिलेले सूत्र लिहिलेला कागद असेल. दुसरी विद्यार्थिनी फळ्याजवळ उभी राहील, ती ‘घटनापत्रक’. तिने चिठ्ठीवर एक संख्या लिहायची, ‘विसर्ग’ अशी हाक मारायची आणि चिठ्ठी मागे पाठवायची. ‘विसर्ग’ने हिशेब करून उत्तर दुसऱ्या चिठ्ठीवर लिहायचे व पुढे पाठवायचे. उत्तर हाती येईपर्यंत फळ्याजवळच्या विद्यार्थिनीने पुढचे काम करायचे नाही.

दोनतीन फेऱ्या झाल्या की काही गोष्टी सर्वांच्या ध्यानात येतील. नाव अचूक हवे. ‘विसर्गा’ किंवा ‘पाणी’ अशी हाक मारली तर कोणी उठणार नाही. मागच्या बाकावरच्या मुलाला फळा दिसत नाही. चिठ्ठीवर जे आहे तेवढेच त्याला कळते. चिठ्ठीवर नुसते ‘४’ लिहिले, तर ते मीटर की फूट हे त्याला समजण्याचा मार्ग नाही. आणि उत्तराची चिठ्ठी पुढे पाठवायला तो विसरला, तर त्याने केलेला हिशेब कितीही बिनचूक असो, खेळाला त्याचा काडीचा उपयोग नाही.

म्हणजे हाक हा एक करार आहे. नाव काय, आत काय द्यायचे, बाहेर काय मिळेल, आणि हाक केव्हा मारायची, ही त्याची चार कलमे. नवशिक्यांचे घोटाळे सूत्रात क्वचित असतात. ते या चार कलमांतच असतात.

आता संगणकावर

जीडेव्हलपमध्ये एक नवे एक्स्टेन्शन तयार करा आणि त्यात एक नवे फंक्शन जोडा. फंक्शनचा प्रकार विचारला जाईल. ‘कृती’ प्रकारचे फंक्शन काम करते, पण उत्तर देत नाही. ‘अट’ प्रकारचे फंक्शन हो किंवा नाही एवढेच सांगते. ‘एक्स्प्रेशन’ प्रकारचे फंक्शन संख्या परत देते. आपल्याला संख्या हवी आहे, म्हणून एक्स्प्रेशन निवडा. त्याला ‘विसर्ग’ अशा अर्थाचे नाव द्या. मग आत येणाऱ्या चिठ्ठीची, म्हणजे पॅरामीटरची नोंद करा. नाव ‘उंची’, प्रकार संख्या.

फंक्शनच्या आत नेहमीसारखे घटनापत्रक असते. त्यात नवी घटना घालताना जावास्क्रिप्ट हा पर्याय निवडला, की लिहिण्यासाठी एक मोकळी चौकट उघडते. जावास्क्रिप्ट ही १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी तयार केलेली भाषा. आपण लिहिणार आहोत त्या मजकुराचा मराठी आराखडा असा:

उंची = चिठ्ठीवरील संख्या
परत दे : २० × उंची × वर्गमूळ (उंची)

दोनच ओळी! प्रत्यक्ष टाइप करताना भाषेचे राखीव शब्द रोमन लिपीत लिहावे लागतात आणि गुणाकारासाठी तारकेचे चिन्ह वापरावे लागते. जावास्क्रिप्टमध्ये आपण ठेवलेली नावे देवनागरीत चालतात, पण आकडे मात्र इंग्रजीच हवेत. देवनागरी २० हा आकडा संगणक आकडा म्हणून ओळखणार नाही. आणखी दोन गोष्टी जीडेव्हलपच्या ठरलेल्या आहेत. चिठ्ठीवरील संख्या ‘गेट-आर्ग्युमेंट’ या आज्ञेने, पॅरामीटरचे नाव अवतरणचिन्हांत देऊन मागून घ्यावी लागते. उत्तर ‘रिटर्न-व्हॅल्यू’ या जागी ठेवावे लागते. ही दुसरी गोष्ट विसरलात, तर मागच्या बाकावरचा मुलगा उत्तर खिशात ठेवून बसला आहे असे समजा.

आता मुख्य घटनापत्रकाकडे या. जेथे जेथे संख्या लिहिण्याची चौकट असते, तेथे एक्स्टेन्शनचे नाव, मग दोन अपूर्णविराम लागोपाठ, मग फंक्शनचे नाव आणि कंसात उंची असे लिहिले, की हाक पोहोचते.

ज्यांच्या शाळेत ‘स्क्रॅच’ शिकवतात, त्यांनीही हा खेळ करावा. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेने २००७ मध्ये मुलांसाठी खुले केलेले हे साधन. त्यात ‘माझे ठोकळे’ या अर्थाच्या विभागात स्वतःचा ठोकळा तयार करता येतो, त्याला नाव व चिठ्ठी देता येते. मात्र स्क्रॅच ३ मधील असा ठोकळा उत्तर परत देत नाही. म्हणून ‘उत्तर’ नावाचा एक चल करावा, ठोकळ्याने हिशेब करून त्यात संख्या ठेवावी आणि हाक मारणाऱ्याने ती तेथून उचलावी. करार तोच, फक्त चिठ्ठी हातात देण्याऐवजी फळीवर ठेवायची.

जलाशय कसा भरतो

पातळी तळापासून मोजू. दरवाजाचा उंबरा १० मीटरवर आहे असे धरू. खेळ सुरू होताना पातळी ८. दर सेकंदाला पावसाचे जितके पाणी येते ती आवक. जलाशयाचे क्षेत्रफळ १०० चौरस मीटर घेऊ. एखाद्या मोठ्या हौदाएवढा हा जलाशय, म्हणजे खेळ लांबणार नाही. घटनापत्रकात अशा ओळी येतील:

उंची = पातळी − १०
बाहेर जाणारे पाणी = विसर्ग (उंची)
पातळीत भर = (आवक − बाहेर जाणारे पाणी) ÷ १०० × लोटलेला वेळ

खेळ चालू करण्यापूर्वी वहीवर भाकीत करा. आवक १६० ठेवली आणि एक दरवाजा उघडा असला, तर पातळी कोठे थांबेल? येणारे पाणी व जाणारे पाणी सारखे होईल तेथे. विसर्ग १६० होण्यास उंची ४ मीटर लागते. म्हणून पातळी १४ वर स्थिर झाली पाहिजे. आवक २० असेल, तर ११ वर. आपला कार्यक्रम बरोबर आहे की नाही, हे ठरवण्याचे माप आता आपल्या हाती आले. ‘खेळ चालतो आहे’ हे माप नव्हे. चुकीचा खेळही चालतो.

चार दोष आणि त्यांची लक्षणे

पहिला दोष : संख्या नसलेली संख्या. वरील दोन ओळींचे फंक्शन घेऊन खेळ सुरू कराल, तर पहिल्याच क्षणी तो बिघडेल. कारण पातळी ८ आहे, म्हणून उंची उणे २. उणे दोनचे वर्गमूळ जावास्क्रिप्ट काढू शकत नाही. ती ‘ही संख्या नाही’ अशा अर्थाची एक खूण परत देते. ती खूण ज्या हिशेबात मिसळते, तो हिशेबही ‘संख्या नाही’ होतो. एका साधनात पडद्यावर विचित्र शब्द उमटतो, दुसऱ्यात पातळी एकाएकी शून्यावर जाते. सूत्र चुकले का? नाही. पाणी उंबऱ्याच्या खाली असताना ते लागूच होत नाही, हे आपण फंक्शनला सांगितले नव्हते. म्हणून आराखडा सुधारू:

उंची = चिठ्ठीवरील संख्या
उंची ० पेक्षा कमी असेल, तर परत दे : ०
नाही तर परत दे : २० × उंची × वर्गमूळ (उंची)

दुसरा दोष : काळाचा विसर. जीडेव्हलपमध्ये घटनापत्रक वरपासून खालपर्यंत, साधारणपणे सेकंदाला ६० वेळा वाचले जाते. म्हणजे आपली हाकही सेकंदाला ६० वेळा जाते. ‘लोटलेला वेळ’ हा गुणाकार तुम्ही गाळलात, तर पातळी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच १४ वर पोहोचेल. गंमत अशी, की अखेरचे उत्तर बरोबर आहे! आपली पहिली परीक्षा या दोषाला पकडू शकत नाही. म्हणून दुसरी परीक्षा घ्या. आवक २० असताना पातळी सेकंदाला ०.२ मीटरने वाढते; ८ वरून १० वर यायला १० सेकंद लागले पाहिजेत. हातातल्या घड्याळावर मोजा. एकषष्ठांश सेकंदातच ती तेथे पोहोचली, तर काळ विसरलेला आहे.

तिसरा दोष : पुनःपुन्हा वाजणारा भोंगा. ‘पातळी १२ पेक्षा जास्त, तर भोंगा वाजव’ अशी ओळ लिहिलीत, तर अट खरी असेपर्यंत भोंगा सेकंदाला ६० वेळा नव्याने सुरू होईल आणि कानठळ्या बसतील. यासाठी ‘अट खरी ठरताच एकदाच’ अशा अर्थाची एक जोड-अट असते, ती लावावी. दरवाजा ‘उघडा ठेवणे’ ही सतत चालणारी गोष्ट आहे, भोंगा ‘सुरू करणे’ ही एकदाच घडणारी. हाक मारण्यापूर्वी आपले काम या दोहोंपैकी कोणते, हे स्वतःला विचारावे.

चौथा दोष : शांत दिसणारी चूक. हा सर्वांत वाईट. समजा, तुमच्या मित्राने फंक्शन लिहिले आणि उंची मीटरमध्ये येईल असे धरले. तुम्ही घटनापत्रक लिहिले आणि उंची सेंटीमीटरमध्ये पाठवली. कोठेही लाल अक्षरे उमटत नाहीत. आवक १६० ठेवा. पातळी १४ वर थांबायला हवी होती. ती १० मीटर ४ सेंटीमीटरवर थांबते. जलाशय शांत, खालचे गाव सुरक्षित, भोंगा गप्प. खेळणारा म्हणेल, काय छान धरण आहे!

प्रत्यक्षात काय झाले? उंची शंभरपट मोठी गेली. शंभराचा दीडावा घात हजार. म्हणून फंक्शनने विसर्ग हजारपट सांगितला. जे पाणी दरवाजातून जाऊच शकत नाही, ते गेले असे खेळाने मानले. खऱ्या धरणावर असा हिशेब कोणी केला असता, तर कागदावर जलाशय उंबऱ्याशी राहिला असता आणि प्रत्यक्षात पाणी भिंतीच्या माथ्याकडे चढत राहिले असते.

ही कल्पनेतली भीती नाही. अमेरिकेच्या नासा संस्थेने डिसेंबर १९९८ मध्ये मंगळाकडे एक यान पाठवले. त्याचे नाव मार्स क्लायमेट ऑर्बिटर. जमिनीवरील एक आज्ञावली यानाच्या छोट्या धक्क्यांचे हिशेब पौंडाच्या मापात देत होती आणि ते आकडे वापरणारी दुसरी आज्ञावली ते न्यूटनच्या मापात आहेत असे समजत होती. दोन्ही आज्ञावल्या आपापल्या परीने नीट चालत होत्या. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान ठरल्यापेक्षा मंगळाच्या फार जवळ गेले आणि नष्ट झाले. चूक सूत्रात नव्हती. चिठ्ठीवर एकक लिहिलेले नव्हते.

यावर उपाय स्वस्त आहे. पॅरामीटरचे नाव नुसते ‘उंची’ न ठेवता ‘उंची-मीटर’ असे ठेवा. फंक्शनच्या वर्णनाच्या जागी एक ओळ लिहा : ‘उंबऱ्यापासून पाण्याची उंची मीटरमध्ये द्यावी, उत्तर घनमीटर दर सेकंदाला मिळेल.’ वर्तमानपत्रात विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे घनफूट दर सेकंद या मापात येतो. १ घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट. खेळात आकडा क्युसेकमध्ये दाखवायचा असेल, तर हा गुणाकार पडद्यावर दाखवताना करा. हिशेबाच्या आत नको.

दोष शोधण्याची रीत

खेळ बिघडला की सगळीकडे एकदम हात घालू नका. ज्याप्रमाणे पाटाचे पाणी शेतात आले नाही तर आपण पाट धरून वर चालत जातो, तसे करा. आधी फंक्शन एकटे तपासा. कंसात उंचीऐवजी सरळ ४ लिहा आणि उत्तर पडद्यावर दाखवा. १६० आले, तर फंक्शन निर्दोष. मग ० आणि उणे २ देऊन पाहा. दोन्ही वेळा ० आले पाहिजे. त्यानंतर आपण प्रत्यक्षात कोणती उंची पाठवतो आहोत, ती पडद्यावर छापा. आपण समजतो तीच संख्या जाते आहे का? मग उत्तर ज्या चलात ठेवले, तो छापा. बहुतेक दोष या तीन पायऱ्यांत सापडतात.

भाटघरचे स्वयंचलित दरवाजे जुन्या पिढीच्या अभियंत्यांनी बसवले, तेव्हा त्यांच्यापुढे पडदा नव्हता. महाराष्ट्रातच खडकवासल्याच्या धरणावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी आपल्या रचनेचे स्वयंचलित दरवाजे १९०३ मध्ये बसवले होते. कोणत्या पातळीला काय घडले पाहिजे, हे आधी ठरवायचे, आणि तसेच घडते का हे पाणी चढताना पाहायचे, ही शिस्त त्यांनाही चुकली नव्हती. साधने बदलली आहेत, शिस्त तीच आहे.

करून पाहा

१. आवक १६० आहे आणि सारखेच आठ दरवाजे उघडले आहेत. पातळी कोठे स्थिर होईल? आधी वहीवर काढा, मग खेळात पडताळा. (सूचना : प्रत्येक दरवाजातून किती पाणी जाईल?)

२. ‘विसर्ग’ला दोन चिठ्ठ्या द्या : उंची आणि उघड्या दरवाजांची संख्या. मग (४, ८) आणि (८, ४) असे दोन्ही क्रमांनी हाक मारून उत्तरे ताडून पाहा. चिठ्ठ्यांचा क्रम हाही कराराचाच भाग का, हे दोन वाक्यांत लिहा.

३. नदीपात्रात दर सेकंदाला १०० घनमीटरपेक्षा जास्त पाणी गेले, तर गावात पाणी शिरते असे धरा. यासाठी ‘अट’ प्रकारचे फंक्शन लिहा. ते हो किंवा नाही एवढेच सांगेल. बरोबर १०० असताना उत्तर काय यावे, ते आधी ठरवा आणि वर्णनात नोंदवा.

४. तुमच्या गावाजवळच्या धरणाचा किंवा बंधाऱ्याचा सांडवा मोठ्या माणसांबरोबर, सुरक्षित अंतरावरून पाहून या. पाणी कशावरून वाहते आणि त्याची उंची मोजण्यासाठी पट्टी कोठे लावली आहे, हे टिपून ठेवा. त्या पट्टीवरचे आकडे मीटरमध्ये आहेत की फुटांत, हे पाहण्यास विसरू नका.